तुटक्या दात्याची सुरी

रामकिशन लोहाराला पोलीस घेऊन गेले, त्याच्या चौथ्या दिवशी भामाबाईनं भट्टी पेटवली. हातात काम होतं अशातला भाग नव्हता. पण घरात नुसतं बसलं की भिंती अंगावर यायच्या, आणि ठाण्यात नवऱ्याचं काय चाललं असेल ते डोळ्यांपुढं उभं राहायचं. भाता ओढला की निदान त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

कानडवाडी हे गाव शिरूर अनंतपाळपासून अडीच कोसांवर. त्या साली उस्मानाबादेतून तुटून लातूर हा नवा जिल्हा झाला होता, आणि त्याच साली पावसानं पाठ फिरवली होती. माघ सरायच्या आत विहिरी तळाला गेल्या. ज्वारी हातभर वाढली आणि उभ्या जागी वाळली. गुरांसाठी गावाच्या कडेला चारा डेपो उघडला. नांदेडकडून, अर्धापूरच्या बाजूनं, ट्रकनं कडबा आणि केळीचे खुंट यायचे. त्या गंजीवर मडिवाळप्पा नावाचा साठीतला म्हातारा राखणीला होता. सोमवारी पहाटे तो गंजीच्या आडोशाला मरून पडलेला सापडला. मानेच्या बुडापासून खांद्यापर्यंत वार होता, आणि तो वार सरळ नव्हता. करवत ओढल्यासारखं मांस फाटलं होतं.

"दात्याचं हत्यार आहे," फौजदार म्हणाला. "दाते पाडायचं काम कोण करतंय इथं?"

आसपासच्या दहा गावांत दात्याचे विळे एकाच भट्टीतून जायचे. सगळ्यांच्या माना लोहाराच्या घराकडं वळल्या. त्यात दुर्दैव असं की दोनच दिवस आधी रामकिशननं शेळीसाठी एक पेंढी मागितली होती, मडिवाळप्पानं ती दिली नव्हती, आणि चारचौघांत दोघांची बाचाबाची झाली होती. तेवढं पुरलं. रामकिशनला जीपमध्ये बसवून नेलं.

खरी गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. दाते रामकिशन पाडतच नव्हता. सहा वर्षांपूर्वी तापलेल्या लोखंडाचा कण उडून त्याचा उजवा डोळा गेला, आणि उरलेल्या डोळ्याला बारीक खूण दिसेना. तेव्हापासून दाते भामाबाई पाडायची. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून. बापाकडं बसून ती हे काम शिकली होती. पातं ऐरणीवर ठेवायचं, छिन्नी मुठीच्या बाजूला जराशी कलती धरायची आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. मग छिन्नीची धार मागच्या खाचेच्या कडेला टेकवायची, तिथून केसभर पुढं सरकवायची, की पुन्हा ठोका. विळ्याचे दाते मुंगीच्या पावलांसारखे, एका बोटाच्या रुंदीत नऊ बसायचे. ह्या कामात डोळ्यापेक्षा कान लागतो, असं बाप म्हणायचा. ठोका बद्द वाजला की समजायचं, दाता उठला नाही. पण बाईच्या हातचे दाते म्हटल्यावर लोक नाक मुरडतील, म्हणून ती दार लोटून काम करायची आणि विळे रामकिशन विकायचा.

बुधवारी फौजदार पुन्हा आला. अंगणात गाव गोळा झालं. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि हळूच उलगडली. आत ज्वारीच्या दाण्याएवढा लोखंडाचा तुकडा होता.

"लातूरला प्रेत फाडलं तेव्हा हाडात रुतलेला मिळाला," तो म्हणाला. "बाई, तुमच्या भट्टीतला आहे का हा?"

भामाबाईनं वाकून पाहिलं. विळ्याचा दाता एवढा मोठा नसतो. एवढे मोठे दाते तिनं जन्मात एकाच पात्याला पाडले होते. दिवाळीनंतर भुजंग नावाच्या माणसानं ट्रकच्या कमानीचा पोलादी पाटा आणून दिला होता आणि त्याची लांब, सरळ सुरी करून मागितली होती. दोर आणि केळीचे खुंट कापायला मोठे दाते पाहिजेत म्हणाला होता. छत्तीस दाते. एकेक दाता दोन ठोक्यांचा, एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. लाल पातं पाण्यात बुडवून पाणी दिल्यावर ते पुन्हा जरासं शेकावं लागतं, नाहीतर दाते काचेसारखे ठिसूळ होतात. पण भुजंगला घाई होती. तो उंबऱ्यात बसून राहिला होता, आणि तिनं न शेकताच सुरी त्याच्या हातात दिली होती.

ती मान वर करणार तोच गर्दीत तो दिसला. भुजंग हा चाऱ्याच्या ट्रकचा मालक, बीडकडचा, आडव्या अंगाचा, कायम धुतलेला सदरा घालणारा. तो तुकड्याकडं बघत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता.

"वळखू येत न्हाई, सायेब," भामाबाई म्हणाली.

"ज्या हत्याराचा दाता तुटलाय ते सापडलं की काम झालं," फौजदार पुडी बांधत म्हणाला. "कुठं जातंय?"

भट्टीतले सगळे विळे पोत्यात भरून तो गेला. भामाबाई त्या दिवशी जेवली नाही. आपण गप्प का बसलो, हे तिनं स्वतःला शंभर वेळा विचारलं. उत्तर एकच होतं. ती घरात एकटी होती, आणि तो माणूस गावात मोकळा होता.

आणि आता गुरुवारी सकाळी भट्टीत निखारे लाल झाले असताना दारात अंधारून आलं. भुजंग आत आला. त्यानं मागं वळून गल्ली पाहिली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हातपाय धड असलेलं सगळं गाव माळापलीकडं नाल्याच्या दुष्काळी कामावर गेलं होतं. तो उंबऱ्याच्या आत टेकला, दार आणि ती ह्यांच्या मधोमध, आणि कमरेला गुंडाळलेल्या धडप्यातून सुरी काढून त्यानं ऐरणीवर ठेवली.

"दाते झिजलेत," तो म्हणाला. "घासून नवे पाड."

भामाबाईनं पाहिलं. टोकापासून पाचव्या दात्याच्या जागी खोबण होती. झिजलेला दाता बोथट होतो. हा मुळातून उडाला होता.

"मालक घरी न्हाईत," ती कशीबशी म्हणाली. "त्यांचं काम हाय हे."

"त्याचं न्हाई, तुझं हाय. मी बसलो व्हतो ना इथं? समदं बघितलंय मी." तो हसला नाही की ओरडला नाही. "गावातल्या समद्यांनी ही सुरी माझ्या हातात बघितली हाय. टाकली तर म्हणतील कुठं गेली. आन् टाकू कुठं? हिरीत पाणी न्हाई, नदीत पाणी न्हाई. हिरीच्या तळाला माणसं उतरून गाळ काढून राहिलीत. तवा तू दाते पाड. तुझ्या नवऱ्याला लातूरला न्यायचं चाललंय. माझी वळख हाय तिथं. घरी यायला पायजे ना त्यो?"

तिनं मान डोलावली. ती नाही म्हणाली तर काय होईल ते ऐरणीवरच पडलं होतं, वीतभर लांब. आणि हो म्हणाली तर ती खोबण, फौजदाराकडच्या तुकड्याची जागा, कायमची जाणार होती. तिच्यासोबत रामकिशनही.

"आसं न्हाई पाडता येत," ती म्हणाली. "पाणी दिल्यालं पातं हाय. छिन्नी लावली तर छिन्नीच मोडती. आधी तापवून राखंत पुरावं लागतं, नरम व्हायला."

"किती येळ?"

"उन्हं माथ्यावर येस्तोवर."

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. ती खोटं बोलत नव्हती, आणि तेच तिच्या उपयोगी पडलं. "बसतो मी," तो म्हणाला.

तिनं लाकडी मूठ ठोकून काढली. पातं निखाऱ्यात घातलं, भाता ओढला. पातं काळ्याचं तांबडं झालं, तांबड्याचं पिकल्या लिंबोळीसारखं. सांडशीनं उचलून तिनं ते राखेच्या खड्ड्यात पुरलं आणि वरून ढीग केला. मग दोघंही बसून राहिले. तिला शिंक आली तरी ती दाबायची, कारण आपण हाललो की तो हालतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. एकदा ती पाण्याच्या मडक्याकडं जायला उठली तर तोही उठला. मडक्यात तळाशी पेलाभर पाणी होतं. ते तो स्वतः प्याला आणि पुन्हा जागेवर येऊन बसला.

"म्हातारा उगंच आडवा आला," थोड्या वेळानं तो आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला. "दोन गाड्या चारा गेला आसता तर त्याच्या बापाचं काय जात व्हतं?"

त्यानं हे बोलून टाकलं ह्याचा अर्थ भामाबाईला कळला. काम झाल्यावर तिनं जिवंत राहावं, असं त्याच्या मनात नव्हतं.

तेवढ्यात गल्लीतून पावलं वाजली, आणि दारात एक थकलेली बाई उभी राहिली. काखेत रिकामी कळशी. ती मडिवाळप्पाची बायको होती, गुरम्मा.

भुजंग उठून बाजूला सरकला. गुरम्मानं त्याला पाहिलं, पण चाऱ्याचा ट्रकवाला एवढीच तिची त्याची ओळख. तीन दिवसांत तिचा चेहरा ओढलेल्या चामड्यासारखा झाला होता. ती आणि भामाबाई नेहमी आपसात कानडीतच बोलायच्या. गावाला ते सवयीचं होतं. गुरम्मा कानडीत म्हणाली, "घरात बसवत नाही गं. म्हटलं तुला सांगून यावं. तुझ्या नवऱ्यानं हे केलं नाही. मी फौजदाराला तसं सांगितलंय. पेंढीवरून कुणी माणूस मारतं का?"

भुजंग बीडकडचा. त्याला कानडी येतं का? भामाबाईला ठाऊक नव्हतं. इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून एकही कानडी शब्द तिनं ऐकला नव्हता, एवढंच. त्या एवढ्यावर जीव टांगायचा होता. तिनं भात्याच्या दांडीला हात घातला, टँकर न आल्याची कुरकुर करावी तसा सूर लावला, राखेकडं बघत कानडीत बोलत गेली.

"अक्का, तोंड बदलू नकोस. त्याच्याकडं बघू नकोस. ज्या सुरीचा दाता मोडला ती ह्या राखेत आहे. ज्यानं आणली तो तुझ्या बाजूला उभा आहे. त्याला ती खूण पुसायची आहे, आणि मग मला. नाल्यावर जा. माणसं घेऊन ये. हळू चालत जा."

भट्टीत कोळसा तडकला. भामाबाईनं गुरम्माकडं पाहिलं नाही, तिची हिंमतच झाली नाही. फक्त कळशी तिला दिसत होती. गुरम्मानं ती ह्या काखेतून त्या काखेत घेतली.

"काय म्हंती ही?" भुजंगनं गुरम्माला विचारलं.

"पाणी न्हाई म्हंती घरात," गुरम्मा मराठीत म्हणाली. आवाज चिरका निघाला, पण तीन दिवस रडलेल्या बाईचा आवाज कुणाला चिरका वाटणार? "टँकरकडं बघून येते, भामा. आला तर सांगावा धाडते."

ती वळली. पावलं गल्लीतून गेली, नेहमीच्या चालीनं, एकेक. ती पळाली नाही. भामाबाई ती पावलं मोजत राहिली, ऐकू येईनाशी होईस्तोवर.

माळ ओलांडून नाल्यापर्यंत जायला गुरम्माच्या पायांनी अर्धा तास. परत यायला तेवढाच. ती सांगणार, लोक विचारणार, विश्वास ठेवणार की नाही कुणाला माहीत.

"काढ आता," भुजंग म्हणाला. उन्हं अजून माथ्यावर आली नव्हती.

"गरम हाय."

"काढ म्हणलं ना."

तिनं पातं काढलं. राख झटकली, कानशीनं एका दात्यावर घासून पाहिलं. कानस चावली. पातं नरम झालं होतं. त्यानं वाकून खोबणीकडं बोट दाखवलं. "हितनं सुरू कर. टोकाकडनं."

"टोकाकडनं न्हाई चालत," ती म्हणाली.

"का?"

"टोक पातळ हाय. आधी टोकाला ठोके बसले की पातं वळतं. मग सरळ करायला पुन्हा तापवा, पुन्हा राखंत पुरा. मुठीकडनंच यावं लागतं."

ह्यात निम्मं खरं होतं. तो पात्याकडं बघत राहिला, तिच्याकडं बघत राहिला. लोहारकाम त्याला येत नव्हतं. "मग हात चालव," तो म्हणाला आणि तिच्या अगदी समोर उकिडवा बसला, इतका जवळ, की त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास तिला येत होता.

छत्तीस दात्यांचे तिनं मनात तीन भाग केले. चार बोटं पातं घासायचं, त्यात बारा नवे दाते पाडायचे, मग पुढची चार बोटं. तुटका दाता शेवटच्या भागात होता. तिनं कानस घेतली. एरवी जो दाता दोनदा घासून सपाट झाला असता तो ती सहा वेळा घासायची. मग छिन्नी टेकवायची, केसभर सरकवायची, ठोका. पातं उलटायचं, दुसऱ्या बाजूनं ठोका. आयुष्यात तिनं इतक्या हळू काम केलं नव्हतं, आणि इतकं सुबकही. हात कापत होते, तरी दाते एकसारखे पडत होते. हाताला त्याची वेगळी शुद्ध होती. घाम छिन्नीवर पडत होता.

पहिले बारा झाले.

"लई येळ लागून राहिलाय."

"एक चुकला तर समदं पुन्हा घासावं लागतंय," ती म्हणाली.

दुसरे बारा. प्रत्येक ठोक्यानंतर ती हात जरा थांबवायची आणि बाहेर कान द्यायची. बाहेर कावळा ओरडत होता. दुसरं काही नव्हतं. गुरम्मा वाटेत पडली असेल. तिला चक्कर आली असेल, तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. की तिला पटलंच नसेल? की कामावरच्या मुकादमानं हाकलून दिलं असेल? चोविसावा दाता पडला. आता चार बोटं उरली. तिनं कानस उचलली आणि तिच्या लक्षात आलं, आपण देवाचं नाव घेत नाही आहोत. आपण मोजतो आहोत.

सहा दाते सपाट झाले. टोकाचे सहा उरले होते, आणि त्यातला दुसरा तो होता. ही खोबण गेली की रामकिशनच्या बाजूनं बोलणारं जगात काही उरणार नव्हतं. तिनं कानस खाली ठेवली.

"काय झालं?"

"बोटं वळंनात. जरा..."

"उचल." त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. "उचल, भामाबाई."

त्यानं तिला नावानं हाक मारली, आणि त्या हाकेनं तिला सर्वांत जास्त भीती वाटली. तिनं कानस उचलली, टोकावर टेकवली. आणि तेव्हा माळाच्या बाजूनं आवाज आला. आधी तो वाऱ्यासारखा वाटला. मग त्यात पावलं ओळखू आली. पुष्कळ पावलं, आणि फावडी दगडाला लागल्याचा खणखणाट.

भुजंगनं मान वळवून दाराबाहेर पाहिलं. गल्लीच्या टोकाला लोक वळत होते. पुढं बायका, डोक्याला फडकी बांधलेल्या, मातीनं भरलेल्या. सगळ्यांत पुढं गुरम्मा. कळशी कुठंतरी टाकून दिलेली.

तो सावकाश भामाबाईकडं वळला. "काय बोललीस तिला?"

त्यानं पात्यावर झडप घातली. मूठ काढलेली होती, त्याच्या हातात मुठीत बसणारा नुसता लोखंडी शेपटा आला. त्यानं ते पातं उगारून तिच्या मानेच्या रोखानं मारलं. तिनं डावा हात आडवा घातला. हाडावर घाव ठणकन वाजला, डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण हात तुटला नाही. राखेत नरम झालेलं, धार न लावलेलं ते पातं हातावर बसलं आणि वाकलं. तो ते मागं ओढणार तोच तिनं दोन्ही हातांनी पातं धरलं. का धरलं हे तिला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जीव वाचवायचा तर सोडून मागं सरायला हवं होतं. तिनं सोडलं नाही. त्यानं तिला त्या पात्यासकट ऐरणीवरून, राखेतून, उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. त्यानं लाथ मारली, तरी तिनं सोडलं नाही. मग उंबऱ्याशी खूप पाय आले, खूप हात आले, आणि कुणीतरी तिची बोटं एकेक करून उलगडायला लागलं.

"सोड आता," गुरम्मा कानडीत सांगत होती. "सोड. धरलाय त्याला."

मुकादमानं आणि दोघातिघांनी भात्याच्या दोरीनं भुजंगला खांबाला बांधलं. कुणीतरी शिरूरकडं सायकल दामटली.

दुपारी फौजदार आला. त्यानं पुडी उलगडली, चिमट्यानं तो तुकडा उचलला आणि वाकलेल्या पात्याच्या खोबणीत ठेवला. तुकडा बसला. त्यानं तो काढला, पुन्हा ठेवला. मग त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि भामाबाईला विचारलं, "काल ओळखलं होतं ना तुम्ही?"

"हाव."

"मग बोलला का नाही?"

"त्यो उभा व्हता ना सायेब, तुमच्या पाठीमागं."

रामकिशन दुसऱ्या दिवशी घरी आला. चालत आला, पण उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. सूज उतरली तेव्हा दोन बोटं मिटेनात. ती पुढं कधीच मिटली नाहीत. घण त्याच्या हातातून कायमचा गेला.

खटला लातूरला उभा राहिला. भामाबाईला साक्षीला बोलावलं. भुजंगच्या वकिलानं विचारलं, बाईमाणसानं हे दाते पाडले, हे कोर्टानं खरं कशावरून मानायचं? हिच्या नवऱ्याची सुरी, हिच्या नवऱ्याचं काम, आणि दोष दुसऱ्यावर. भुजंग पिंजऱ्यात उभा होता, धुतलेल्या सदऱ्यात, आणि तसाच बघत होता. तिचा आवाज फुटेना. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं. मग तिनं ते पातं मागितलं, डोळे मिटले आणि अंगठा मुठीकडच्या बाजूला ठेवला.

"हे बारा त्या दिवशीचे, नवे," ती अंगठा सरकवत म्हणाली. "ह्ये पुढचे बारा, तेबी नवे. ह्यो एकविसावा जरा उथळ हाय, तवा हात लई कापत व्हता. इथं सहा घासल्यालं हाय, दाते न्हाईत. आन् हे टोकाचे जुने. त्यातला एक न्हाई." डोळे मिटलेले होते म्हणूनच तिला बोलता आलं. पातं परत देऊन ती खाली उतरली.

भुजंगला जन्मठेप झाली. त्यानंतर एकदा त्याच्यासारख्याच आडव्या अंगाचा एक माणूस कानडवाडीत आला, पारावर तासभर बसला, कुणाशी बोलला नाही आणि एस.टी.नं निघून गेला. तो भाऊ होता की आणखी कोण, कळलं नाही. भामाबाईनं महिनाभर भट्टी पेटवली नाही. मग पेटवली, कारण खायचं होतं. आता तिला दार लोटायची गरज नव्हती, सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक झालं होतं दाते कोण पाडतं. रामकिशन डाव्या हातानं भाता ओढायचा. घण मारायला गुरम्मा यायला लागली. तिला घरी बसून करायचं तरी काय होतं? लिंगायताच्या बाईनं लोहाराच्या भट्टीवर यावं ह्यावरून थोडं बोलणं झालं, मग थांबलं. मोठ्या दात्याची सुरी मात्र भामाबाईनं पुन्हा केली नाही. कुणी कमानीचा पाटा घेऊन आलं की ती म्हणायची, जमत नाही.

त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. बऱ्याच दिवसांनी, विळ्यांची एक खेप संपवून दोघी उंबऱ्यावर बसल्या असताना, भामाबाईनं एकदाच विचारलं. "अक्का, तू त्या दिवशी इतकी शांत कशी गेलीस गं? तुझ्या नवऱ्याला मारणारा माणूस हातभर अंतरावर, आणि तू टँकरचं बोललीस. एवढी छाती आणलीस कुठून?"

गुरम्मा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

"कसली छाती," ती म्हणाली. "गल्लीचं वळण ओलांडेस्तोवर लुगडं ओलं झालं होतं माझं."

दोघींपैकी कुणी हसलं नाही.

"माझंही झालं होतं," भामाबाई म्हणाली.